घरच्या तंबाखूची वडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दक्षिण व्हर्जिनियात राहतो. मूळ गाव निपाणीच्या अलीकडचं, घरात तीन पिढ्या तंबाखूच्या. इथे परसात दरवर्षी पंचवीस-तीस रोपं लावतो, पान सुकवतो आणि हिवाळ्यात त्याच्या वड्या दाबतो. सप्टेंबर उजाडला की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

वडी म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ज्याला प्लग म्हणतात ती. सुकवून मुरवलेलं पान थोडं ओलं करायचं, मधली शीर काढायची, थरावर थर रचायचे आणि साच्यात घालून इतकं दाबायचं की थर वेगळे ओळखू येणार नाहीत. हाताला चामड्यासारखी लागते, रंगाला खजुरासारखी. तिचे पातळ काप काढले की तो फ्लेक. चिलमीत किंवा पाइपमध्ये भरताना काप चुरून घ्यायचा.

दाबल्याने पानाच्या पेशी फुटतात, आतला रस सगळ्या थरांत फिरतो, हवा निघून जाते. वर्षभरात चव गोलाईला येते. घट्ट वडी सावकाश जळते, त्यामुळे धूरही थंड लागतो. आणि जागा? गोणीभर पान बुटाच्या खोक्यात मावतं.

ही पद्धत आली कुठून?

शेतकरी हिकरी किंवा मेपलच्या ओंडक्याला भोक पाडून त्यात मधात भिजवलेली पानं ठोकून बसवायचे आणि वाळल्यावर लाकूड फोडून बाहेर काढायचे, असं इकडे सांगतात. भोकात ठोकलेला बुच, म्हणून प्लग. गोष्ट खरी असो-नसो, पुढचा इतिहास पक्का आहे. यादवी युद्धाच्या आधी रिचमंड, लिंचबर्ग आणि डॅनव्हिलला वड्यांचे मोठमोठे कारखाने होते आणि त्यांतले दाबाचे स्क्रू फिरवणारे हात बहुतांशी गुलामांचे होते. पुढे सिगारेटसाठी नावाजलेल्या आर. जे. रेनॉल्ड्सने १८७५ मध्ये विन्स्टनला कारखाना टाकला तोही सिगारेटचा नव्हता, चघळायच्या वड्यांचा होता. सिगारेट नंतर आली आणि वडी मागे पडली.

आपल्याकडे दाबलेल्या वडीची चाल नाही. पण गूळ आणि तंबाखू यांची सोयरीक जुनी आहे. हुक्क्याचा तंबाखू गुळात मुरवतात, छत्तीसगड-ओडिशाकडचा गुडाखू तर नावातच गूळ घेऊन फिरतो.

हे कायद्यात बसतं का?

कुठे राहता त्यावर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, फक्त स्वतःच्या वापरापुरता तंबाखू बनवणारा माणूस ‘उत्पादक’ धरला जात नाही, त्यामुळे परवाना आणि कर लागत नाही. राज्याचे नियम मात्र वेगळे पाहा. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी या भानगडीत पडूच नये, तिथे परवान्याशिवाय एक रोप लावणंही गुन्हा आहे. भारतात व्हर्जिनिया जातीचा तंबाखू पिकवायचा तर १९७५ च्या कायद्यानुसार गुंटूरच्या तंबाखू मंडळाकडे नोंदणी लागते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर आणि पुढे सुगंधी तंबाखूवरही बंदी आहे, त्यामुळे गोड घातलेल्या, वास लावलेल्या वडीचा विचार तिथे करू नये.

कोणतं वाण घ्यावं, किती रोपं लावावीत?

बर्ली. दुसरं काही सुचवणार नाही. १८६४ मध्ये ओहायोतल्या ब्राउन काउंटीत फिकट रंगाची बर्ली पहिल्यांदा वेगळी काढली गेली आणि वड्यांच्या धंद्याचं नशीबच पालटलं, कारण हे पान टिपकागदासारखं शोषून घेतं. त्यात स्वतःची साखर जवळपास नसते, तुम्ही घालाल ती गोडी ते धरून ठेवतं. शिवाय ते नुसत्या हवेवर सुकतं, भट्टी लागत नाही. सोबतीला थोडं व्हर्जिनिया असलं तर उत्तम, एकास तीन.

बी खसखशीहून बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर. त्यामुळे पाकीट विकत घेतलंत की आयुष्यभराची सोय झाली. तरवा टाकताना बी मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. चांगल्या वाढलेल्या, शेंडा खुडलेल्या रोपापासून सुकं पान शंभर-सव्वाशे ग्रॅम मिळतं. म्हणजे दहा रोपांत शिरा वजा जाता तीन-चार वड्या. पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ.

एक सूचना. दवाने भिजलेलं हिरवं पान उघड्या हाताने तोडू नका. निकोटीन कातडीतून आत जातं, आणि काही तासांत मळमळ, उलट्या, गरगरणं सुरू होतं. लांब बाह्या आणि रबरी हातमोजे घाला. आमच्याकडे याला ‘तंबाखू लागली’ म्हणायचे आणि ताक पाजायचे. ताकाने काही होत नाही, माणूस आडवा पडला की आपोआप उतरतं. पण उलट्या थांबेनात किंवा श्वास जड झाला तर सरळ डॉक्टर गाठा.

पान सुकलं हे कसं ओळखायचं?

गॅरेजमध्ये तारेवर टांगलेलं बर्लीचं पान सहा ते आठ आठवडे घेतं. आधी पिवळं, मग तांबूस, मग तपकिरी. पात सुकली म्हणजे झालं असं नाही. मधली शीर वाकवून पाहा, काटकीसारखी कट्‌ आवाज करून मोडली पाहिजे. शीर लिबलिबीत असताना पान उतरवलंत तर ढिगात बुरशी ठरलेली. उलट घाईने उन्हात सुकवलेलं पान हिरवं राहतं, आणि हिरवं राहिलं की ते जन्मभर हिरवंच. त्याची वडी गवत जाळल्यासारखी लागते.

सुकलेलं पान लगेच दाबू नका. वर्षभर मुरू दिलं तर सर्वांत चांगलं. धीर नसेल तर जुन्या बंद फ्रिजमध्ये स्लो-कुकर ठेवून पन्नास अंश सेल्सिअस आणि सत्तर टक्के आर्द्रता सांभाळायची, चार-सहा आठवड्यांत वर्षाचं काम उरकतं. मधल्या काळात अमोनियाचा उग्र वास सुटतो. तो येणारच. तो जाईल तेव्हा पान तयार झालं.

वडी बिघडते ती कशाने? दाबायला जॅक किती टनांचा घ्यावा?

हे दोन प्रश्न नेहमी एकत्र येतात आणि त्यातला दुसरा चुकीचा आहे. वडी ओलीने बिघडते. आजवर माझ्याकडे आलेल्या तक्रारी मोजल्या तर दाब कमी पडल्याच्या एका हाताच्या बोटांवर, बाकी सगळ्या ओलीच्या.

माझीच पहिली वडी सांगतो. शेजाऱ्याकडून वीस टनांचा प्रेस मागून आणला होता. पान फवाऱ्याने चांगलं चिंब केलं, म्हटलं मऊ असेल तर छान बसेल. दांडा मारायला लागलो तसा साच्याच्या सांध्यांतून काळा-तपकिरी रस टपकायला लागला, गॅरेजच्या फरशीवर थारोळं झालं. मला वाटलं, वा, काय दाब बसतोय! प्रत्यक्षात पानाचा सगळा जीव फरशीवर चालला होता. बाहेर आलेली वडी रबरासारखी लवत होती. नवव्या दिवशी तिच्या कडेला पांढरी लव दिसली, अकराव्या दिवशी ती कचऱ्यात गेली. फरशीवरचा डाग अजून आहे.

हिशेब असा धरा. कडकडीत सुकं, शिरा काढलेलं पान २०० ग्रॅम असेल तर पाणी आणि गोड मिळून त्यात ५० ग्रॅमच्या आसपास जायला हवं, त्याहून जास्त नाही. एकदम ओतायचं नाही. बारीक फवारा मारायचा, पानं उलटीपालटी करायची, पिशवीत बांधून रात्रभर ठेवायची म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते. सकाळी वजन करा.

आणि वजनकाटा बाजूला ठेवून हातही लावा. आजोबा पान बोटाभोवती गुंडाळायचे. तडकलं तर कोरडं. न तडकता गुंडाळलं, पण बोटाला गारवा लागला तर ओलं. न तडकता गुंडाळलं, बोट कोरडं राहिलं आणि सोडल्यावर पान सावकाश, आळस दिल्यासारखं उलगडलं, तर ‘हातात आलं’. निपाणीकडे शेतावरचा पाला पहाटे दवावर हाताळायचे तेही याचसाठी, ऊन चढलं की चुरा व्हायचा. व्यापाऱ्याला हीच ओल दाखवून भाव पाडायला फावायचं, हा आजोबांचा कायमचा राग. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते त्यात ते होते, आणि त्याविषयी बोलतानाही हात हवेत पान गुंडाळत असायचे.

मग जॅक?

बाटली-जॅक, म्हणजे गाडी उचलायचा बाटलीच्या आकाराचा, सहा टनांचा, लोखंडी चौकटीत. साचा दहा बाय पाच सेंटिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर, म्हणजे नुसत्या एका टनाच्या जोरावरही दर चौरस सेंटिमीटरला वीस किलो दाब पडतो. घरच्या वडीला दोन-तीन टन पुरतात. जॅक नसेल तर सुताराचे दोन मजबूत शिकंजेही चालतात, वडी थोडी सैल येईल इतकंच.

साचा मेपल किंवा ओकसारख्या कठीण लाकडाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. पाइनला राळेचा वास असतो, तो वडीत उतरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांबं, औषध मारलेलं लाकूड नको. पत्र्याच्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात दाबायला जाऊ नका, डबा फाटतो आणि कड वस्तऱ्यासारखी हात कापते. जॅकसमोर तोंड नेऊन बघत बसू नका, बाजूला उभे राहा.

साचा उंच लागतो हे लोक विसरतात. दोनशे ग्रॅम पानाचा ढीग वीतभर उंच होतो आणि दबून चार सेंटिमीटर होतो. म्हणून दोन टप्प्यांत भरा: अर्धं भरून शिकंज्याने बसवायचं, मग उरलेलं.

शिरा काढायच्याच का?

हो. शीर वजनाला पानाच्या पावपट भरते, ती दबत नाही आणि जळताना कागदासारखी लागते. पान ओलावल्यावर टोकाकडून धरून ओढली की सुटते. टीव्ही बघत करायचं काम.

गोड काय घालावं? काकवी चालते का?

चालते म्हणजे काय, मी दुसरं काही घालत नाही. इकडचे लोक मध, मेपलचा पाक, मोलॅसिस, ज्येष्ठमध, रम असं काय काय घालतात. मी गावाहून येणाऱ्याकडून काकवीची बाटली मागवतो. तिचा खारट-गोड धुरकटपणा बर्लीला जसा लागतो तसा मोलॅसिसचा लागत नाही, त्याला शेवटी कडवटपणा असतो.

प्रमाण: सुक्या पानाच्या पाच टक्के. दोनशे ग्रॅमला दहा ग्रॅम, म्हणजे दीड चहाचा चमचा. कोमट पाण्यात विरघळवून फवारायची. पाण्याचा जो हिशेब वर दिला त्यातच ही धरायची. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात तर वडी चिकट होते, पाइपमध्ये विझत राहते आणि मुंग्या लागतात. एका मित्राने हौसेने वेलची-जायफळ घातलं होतं. ओढताना श्रीखंड जळाल्यासारखा वास आला. रम घालायची तर दाबायच्या आदल्या दिवशी, चमचाभर.

किती दिवस दाबून ठेवायची? गरम करायची का?

पान दबल्यावर थोडं मागे सरतं आणि जॅक ढिला पडतो. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी दांडा मारा, मग दिवसातून दोनदा. तीन दिवसांत वडी धरते, मी सात दिवस ठेवतो.

उष्णता ऐच्छिक. साच्यासकट फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ऐंशी-नव्वद अंशांवर तीन-चार तास ठेवलं तर रंग गडद होतो, तिखटपणा उतरतो, काकवी पानात मुरते. त्यानंतर लगेच परत दाबाखाली, आणि दाबाखालीच पूर्ण थंड होऊ द्यायची. गरम वडी मोकळी सोडलीत तर ती पावासारखी फुगते. हे स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करू नका. एक तर तो वास पुढच्या चार केकांना येतो, आणि दुसरं, ज्यात अन्न शिजतं त्यात तंबाखू घालू नये. मी जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलेला टोस्टर-ओव्हन गॅरेजमध्ये, गॅरेजचं दार उघडं ठेवून वापरतो. बायकोची अट होती. अट बरोबर होती.

वडीवर पांढरं दिसतंय. टाकू का?

भिंग घ्या. साखरेचे किंवा क्षारांचे बारीक चमकते कण कधी कधी पृष्ठभागावर येतात, ते बोटाने पुसले जातात आणि त्यांना वास नसतो. लवेसारखं, धाग्यांचं, ओलसर तळघराचा वास येणारं असेल तर ती बुरशी. मग वडी टाका. खरवडून, उन्हात ठेवून, पुन्हा भाजून वाचवायला जाऊ नका. कितीही जीव तुटला तरी.

साच्यातून काढल्यावर वडी हवेवर दोन-चार दिवस ठेवून थोडी सुकवली तर ही वेळ सहसा येत नाही. मग काचेच्या बरणीत, सोबत छोटा आर्द्रतामापक. साठ ते पासष्टमध्ये काटा असला की निवांत. सत्तर ओलांडला की झाकण उघडा.

वडी कापताना थर सुटतात.

पान कोरडं होतं, किंवा दाबाखाली पुरेसे दिवस राहिली नाही. फवारा मारून, रात्रभर ठेवून पुन्हा दाबा, बहुतेक वेळा जमतं.

कापायला लांब पात्याची धारदार सुरी, काप एक-दीड मिलिमीटरचा. इथल्या जुन्या किराणा दुकानांत काउंटरवर बिडाचा कटर असायचा, खटका खाली ओढला की हवी तेवढी वडी तुटायची. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलोच, आपला अडकित्ताच तो, फक्त पाटावर ठोकून बसवलेला. आईचा अडकित्ता मी वडीच्या कोपऱ्यांवर वापरून पाहिला. चालतो, पण पातं काळं पडतं आणि मग सुपारीला वास येतो. घरातला अडकित्ता घेऊ नका.

लगेच ओढता येते का?

येते, पण जिभेला चावते. महिनाभर थांबा, सहा महिने थांबलात तर आणखी बरं. मी प्रत्येक वडीवर पेन्सिलने तारीख टाकतो.

ही चघळायला चालेल का? घरचीच आहे, रसायन नाही.

नको. अमेरिकेत वडीचा जन्मच चघळण्यासाठी झाला हे खरं, पण ‘घरचं म्हणून निर्धोक’ हा हिशेब इथे लागू होत नाही. कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसमाइन्स बाहेरून कुणी टाकत नाही, ती पान सुकताना-मुरताना पानातच तयार होतात, आणि हवेवर सुकवलेल्या बर्लीत जरा जास्तच. आमच्या आजीला मिश्रीशिवाय सकाळ व्हायची नाही. तिची मिश्रीही घरचीच होती, घरच्या पानाची, घरच्या तव्यावर भाजलेली. तिचा जबडा शेवटी कसा झाला ते मी पाहिलंय.

धुराबद्दलही सोंग करत नाही. तोही घातकच. मी शनिवारी संध्याकाळी एक पाइप ओढतो, धूर घशाखाली नेत नाही, आणि डॉक्टरांना खरं सांगतो. जो ओढत नाही त्याने या छंदापायी सुरुवात करू नये. माझ्या ओळखीचा एक जण नुसत्या वड्या दाबतो, ओढत नाही, त्याला प्रेसचं वेड आहे.

घरात लहान मुलं, कुत्रा आहे.

मग बरणी कुलपात. वडी गोड वासाची असते, दिसायला चॉकलेटसारखी, आणि छोटा तुकडाही लहान मुलाला किंवा कुत्र्याला विषबाधा करायला पुरतो. शिरांचा कचराही उघड्यावर टाकू नका.

पेरिक घरी जमतो का?

जमतो, वेळ असेल तर. पेरिक म्हणजे दाबून आंबवलेला तंबाखू. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पान व्हिस्कीच्या पिंपात भरून वरून स्क्रू-जॅकने दाबतात आणि वर्षभर स्वतःच्याच रसात आंबू देतात. मध्ये काही वेळा बाहेर काढून हवा देतात, पुन्हा दाबतात. फरक लक्षात घ्या: वडीत रस बाहेर येता कामा नये, पेरिकमध्ये रस वर आलाच पाहिजे, पान त्यात बुडालेलं राहिलं तरच बुरशी धरत नाही. मी काचेच्या बरणीत, वर दगड ठेवून, लोणच्यासारखा घातला होता. चौथ्या महिन्यात बरणी उघडली तेव्हा बायकोने विचारलं, अंजीर नासलंय का कुठे. तो वास बरोबर होता.

एखादी वडी पाठवाल का?

नाही. परवाना-करातली सूट स्वतःच्या वापरापुरती आहे. बी हवं असेल तर पाकिटात घालून देतो, चिमूटभर पुरेल.